अर्धा हापूस, एक पोळी कमी

मध्यम आकाराचा हापूस अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरतो. साल आणि कोय काढली की साधारण दीडशे ग्रॅम गर हाती येतो. त्यातला निम्मा खाल्ला तर पोटात ११-१२ ग्रॅम कर्बोदकं जातात. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत ती १९-२० ग्रॅम असतात. तरीही घरात कुणाला मधुमेह निघाला की पहिली बंदी येते आंब्यावर, आणि ताटातल्या तीन पोळ्या तीनच राहतात. वर भाताची मूद असतेच.

‘शुगर आहे, आंबा चालेल का?’ हा प्रश्न एप्रिल उजाडला की दवाखान्यात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे ऐकू येतो. त्याला ‘चालेल’ किंवा ‘नाही चालणार’ असं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर फारसा विश्वास ठेवू नये. किती खाणार, कोणत्या रूपात खाणार आणि कशाच्या जागी खाणार, या तीन गोष्टी कळल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. फळाचं नाव त्यानंतर येतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं प्रौढ वयात होणाऱ्या, म्हणजे टाइप २ मधुमेहाच्या, आणि साखर बऱ्यापैकी आटोक्यात असलेल्या माणसांसाठी आहे. उपाशीपोटीची साखर अडीचशे येत असेल तर आंब्याचा विचार थोडा लांबवा आणि आधी डॉक्टरांना भेटा. गरोदरपणातला मधुमेह आणि मूत्रपिंडाचा त्रास या वेगळ्या गोष्टी आहेत. मूत्रपिंडाबद्दल शेवटी सांगितलंच आहे.

एक हिस्सा म्हणजे किती?

आहारतज्ज्ञ फळं मोजताना १५ ग्रॅम कर्बोदकांचा एक हिस्सा धरतात. दिवसाला असा एक हिस्सा बहुतेकांना पचतो, काहींना दोन. दोन खायचे तर एका बैठकीत खायचे नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेसुद्धा २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात दिवसाच्या ताटात १०० ग्रॅम फळं धरली आहेत, आणि ती सगळ्यांसाठी, मधुमेह नसलेल्यांसाठीही. म्हणजे मधुमेह्याने फळ अजिबात सोडायचं नाही आणि बाकीच्यांनीही टोपलीभर खायचं नाही.

शंभर ग्रॅम म्हणजे किती हे नजरेला कळत नाही. स्वयंपाकघरात लहान वजनकाटा असेल तर आठवडाभर तो वापरून बघा. द्राक्षांवर तर जरूर वापरा. घड हातात घेऊन टीव्हीसमोर बसलं की पाव किलो कधी संपतं ते समजत नाही, आणि पाव किलो द्राक्षांत ४५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. त्याऐवजी १५-१७ मणी मोजून वाटीत काढायचे, घड परत फ्रिजमध्ये ठेवायचा आणि मगच बसायचं. आठवडाभरात नजर तयार होते, काटा फळीवर गेला तरी चालतो.

केळ्यातही हाच घोळ आहे. ‘केळं खाऊ नका’ असं सरसकट सांगतात, पण कोणतं केळं? जळगावकडून येणारं लांब, जाड केळं सोललं की ११०-१२० ग्रॅम भरतं आणि त्यात २५-२७ ग्रॅम कर्बोदकं असतात. लहानशा वेलची केळ्याचा गर जेमतेम ४०-५० ग्रॅम. म्हणजे वेलची असेल तर एक खावं, मोठं असेल तर अर्धं. उरलेलं अर्धं कुणाला तरी द्यायचं. काळ्या ठिपक्यांचं, घमघमणारं केळं टाळलेलं बरं. केळं पिकत जातं तसा त्यातल्या पिठाचा भाग कमी होऊन साखर वाढते, आणि अगदी पिकलेल्याची साखर रक्तात लवकर चढते. सालीच्या टोकाला किंचित हिरवटपणा असलेलं घ्या.

रस नको, फोड खा

माझ्या मते खरी बंदी कशावर घालायची असेल तर ती रसावर. पेलाभर रसाला तीन-चार मोसंबी पिळावी लागतात. फोडी सोलून खायच्या म्हटल्या तर एवढी मोसंबी एका वेळी कुणी खात नाही. दुसरीच्या मध्यावर हात थांबतो. रस मात्र दोन मिनिटांत घशाखाली जातो. चोथा गाळणीत राहिलेला असतो आणि साखर सगळी पेल्यात. ‘ताजा आहे, साखर घातलेली नाही’ एवढ्याने काही बदलत नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी १,८७,३८२ अमेरिकी आरोग्यसेवकांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सफरचंद, द्राक्षं, ब्लूबेरी अशी फळं अख्खी खाणाऱ्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण कमी दिसलं, आणि रस पिणाऱ्यांत जास्त. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, हे खरं. फळं खाणारी माणसं बाकीच्या गोष्टींतही जपून राहणारी असू शकतात. पण फळ तेच आणि रूप वेगळं असताना निकाल उलटा यावा, हे विसरण्यासारखं नाही.

आमरस हाही रसच. अर्धा हापूस चिरून खाणं वेगळं, आणि तीन आंब्यांचा रस, त्यात वर साखर, सोबत तळलेल्या पुऱ्या आणि ‘अजून एक वाटी घ्या हो’ हा आग्रह वेगळा. आंबा बदनाम झाला तो या पंगतीमुळे. रस खायचाच असेल तर साखर न घालता, लहान अर्धी वाटी, आणि त्या जेवणात पोळी-पुरी एकच, भात नाही. त्यापेक्षा चिरलेला अर्धा आंबा दुपारी चारच्या चहाच्या वेळी, चहा बिनसाखरेचा घेऊन, बिस्किटांच्या जागी खा. तो जास्त निवांत खाल्ला जातो. आंबा हापूस आहे की पायरी, की गोव्याचा मानकुराद, यावरून भांडायचं असेल तर चवीवरून भांडा. साखरेच्या बाबतीत किती खाल्ला यालाच महत्त्व आहे.

बाटलीबंद रस, पल्प आणि ‘नो ॲडेड शुगर’ लिहिलेले डबे घेताना पाठीमागचा तक्ता वाचायची सवय लावून घ्या. वरून साखर घातलेली नाही एवढाच त्या शब्दांचा अर्थ. फळाची स्वतःची साखर आत असतेच, आणि तक्त्यात ती एकूण साखरेच्या ओळीत दिसते. मिल्कशेक, शिकरण, फ्रूट कस्टर्ड, पन्ह्यातला गूळ, कोकम सरबताचा पाक हे सगळं त्याच हिशोबात धरा. आमसुलाचं सार मात्र बिनसाखरेचं केलंत तर खुशाल प्या.

सुक्या फळांत पाणी निघून गेलेलं असतं आणि साखर मागे राहिलेली असते. ताज्या अंजिराच्या शंभर ग्रॅममध्ये १९ ग्रॅम कर्बोदकं असतात, बेदाण्याच्या शंभर ग्रॅममध्ये ७९ आणि खजुरात ७५ च्या आसपास. ‘खजूर नैसर्गिक असतो’ म्हणून रोज सकाळी पाच-सहा खाणारे पुष्कळ आहेत. नैसर्गिक साखर आणि वाण्याकडची साखर यांतला फरक जिभेला कळत नाही आणि स्वादुपिंडालाही फारसा कळत नाही. हवाच असेल तर एक खजूर, चार-पाच बदामांबरोबर.

कलिंगडाचं काय करायचं?

मोबाइलवर फिरणाऱ्या तक्त्यांमुळे कलिंगडावर अन्याय झाला आहे. ग्लायसेमिक इंडेक्स ही कल्पना टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. एखाद्या पदार्थातली ठरावीक कर्बोदकं रक्तातली साखर किती वेगाने वाढवतात, हे त्यावरून कळतं. यात ‘ठरावीक कर्बोदकं’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जुन्या तक्त्यांत कलिंगडाचा आकडा ७० च्या पुढे आहे म्हणून लोक घाबरतात. पण कलिंगडात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि शंभर ग्रॅममध्ये कर्बोदकं जेमतेम ७-८ ग्रॅम. चाचणीसाठी ५० ग्रॅम कर्बोदकं भरायची तर सहाशे-साडेसहाशे ग्रॅम कलिंगड खावं लागेल. वाटीभर फोडींनी फार काही बिघडत नाही. फक्त अर्धं कलिंगड चमच्याने कोरून खाण्याची उन्हाळी सवय असेल तर तिला रजा द्या.

उलट, कमी इंडेक्स दिसला म्हणून मोकाट सुटायचंही कारण नाही. तक्त्यात खजुराचा आकडा चाळिशीतला आहे, आणि खजुराचं गणित वर आलंच.

बाजारात काय घ्यावं?

हातगाडीवर पहिला मान मी पेरूला देईन. सफरचंदापेक्षा पेरूत चोथा दुपटीहून जास्त असतो. शंभर ग्रॅममागे सफरचंदात अडीच ग्रॅमच्या जवळपास, तर पेरूत पाचच्या वर. क जीवनसत्त्व तर संत्र्याच्या कैक पट. बोटाने दाबून न दबणारा, पिवळसर हिरवा पेरू घ्या आणि सालीसकट चावून खा. गाडीवाला फोडींना मीठ-तिखट लावायला चिमूट उचलतो तेव्हा त्याला थांबवा. मधुमेहाच्या जोडीला रक्तदाब असणारे अनेक जण असतात आणि ते मीठ चांगलं दोन बोटांची चिमूट असतं. आजाऱ्याला भेटायला जाताना सफरचंदंच का न्यायची, हे मला कधी कळलं नाही. महाग असतात आणि पॉलिश लावलेली चमकतात, एवढंच बहुधा त्यांचं भांडवल असावं. सफरचंद वाईट मुळीच नाही. लहानसं एक सालीसकट खावं. पण त्यात औषधी असं काही नाही आणि परवडत नसेल तर अडूनही काही राहत नाही.

संत्रं आणि मोसंबी एकेक, फोडींवरच्या पांढऱ्या धाग्यांसह. पपई वाटीभर, फार मऊ झालेली नको. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हाताशी असेल तर आनंदाने खा. तिच्यात शंभर ग्रॅमला ७-८ ग्रॅमच कर्बोदकं असतात. क्रीम आणि साखर मात्र दुकानातच राहू द्या. ताडगोळे, करवंदं, बोरं, आवळा यांची कुणी जाहिरात करत नाही म्हणून आपण विसरतो. आवळा कच्चा, किसून, कोशिंबिरीत घाला. मोरावळा म्हणजे पाकातला आवळा, तो यात येत नाही. डाळिंबाचे दाणे अर्धी वाटी. अननसाच्या दोन पातळ चकत्या.

चिकू, सीताफळ आणि फणस या तिघांशी जपून वागायला हवं. घोलवडचा चिकू गोड असतो म्हणूनच तो घोलवडचा. शंभर ग्रॅमला २० ग्रॅम कर्बोदकं. लहान असेल तर एक, मोठा असेल तर अर्धा. सीताफळात त्याहून जास्त, २३-२४ ग्रॅम. मात्र सीताफळाची एक सोय आहे, ते भराभर खाताच येत नाही. एकेक पाकळी तोंडात घ्यायची, जिभेने बी सोडवायची आणि बाजूला टाकायची. अर्ध्या सीताफळाला दहा मिनिटं सहज लागतात आणि तेवढ्यात मन भरतं. बिया काढून केलेली सीताफळ रबडी किंवा आइस्क्रीम या सोयीवर पाणी फिरवतं, वर साखर घालतं. फणसाचे तीन-चार गरे खाऊन उठता येत असेल तर खा. कापा फणस समोर ठेवून तीन गऱ्यांवर थांबणारी माणसं कोकणात फार नसावीत. भाजीचा कोवळा फणस हा वेगळा मामला आहे. त्यात साखर कमी असते, तो भाजी म्हणूनच ताटात घ्या.

जूनमध्ये जांभळं आली की मधुमेह्यांच्या घरात उत्सव सुरू होतो. पालघरच्या बहाडोलीची जांभळं टपोरी आणि मांसल असतात. दहा-बारा खावीत, चव घ्यावी. पण ‘जांभूळ शुगर खाऊन टाकतं’ ही समजूत धोक्याची आहे. जांभळातही कर्बोदकं असतात. बियांच्या चूर्णाचा वापर आपल्याकडे जुना आहे आणि त्यावर अभ्यासही झाले आहेत, पण त्याच्या भरवशावर गोळी बंद करावी एवढा पुरावा नाही. चूर्ण घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या. गोळी आणि चूर्ण दोन्हींमुळे मिळून साखर खाली घसरली तर कारण शोधायला सोपं जातं.

उपवास आणि प्रसाद

एकादशीला, चतुर्थीला, श्रावणी सोमवारी ‘फक्त फळांवर’ राहणाऱ्यांचं प्रत्यक्ष ताट बघावं. सकाळी दोन केळी, दुपारी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी रताळ्याचा कीस, रात्री खजूर आणि दूध. ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यातच ४० ग्रॅमच्या वर कर्बोदकं जातात, चोथा जवळजवळ शून्य. त्यात फळं मिळवली की एरवीच्या जेवणापेक्षा उपवासाचं जेवण साखरेला भारी पडतं. उपवास करायचाच असेल तर वरीचा भात थोडा, शेंगदाण्याची आमटी वाटीभर, काकडीची कोशिंबीर, दही, आणि फळ एकच. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडच्या गोळ्या, किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासाच्या दिवशी डोस काय ठेवायचा हे आदल्या आठवड्यातच विचारून घ्या. ऐन एकादशीला सकाळी फोन करू नका.

सत्यनारायणाचा प्रसाद चमचाभर घ्या, नमस्कार करा, द्रोण पुढे सरकवा. यात देवाचा अपमान होत नाही. आग्रह करणाऱ्या मावशींना हे पटवणं जास्त अवघड असतं, त्यांना ‘नुकतंच जेवण झालंय’ सांगावं.

वेळ आणि सोबत

भरपेट जेवल्यावर लगेच फळ म्हणजे आधीच्या कर्बोदकांवर आणखी कर्बोदकं. सकाळी अकरा किंवा दुपारी चार-साडेचार या दोन जेवणांमधल्या वेळा बहुतेकांना सोयीच्या पडतात. फळासोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे, चार-पाच बदाम किंवा वाटीभर साधं दही घेतलं तर साखर सावकाश वर जाते आणि भूकही लवकर लागत नाही. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं चाललात तर आणखी चांगलं. जेवतानाच फळ हवं असेल तर एक पोळी किंवा भात कमी करून त्याची जागा फळाला द्या.

हे सगळे सर्वसाधारण आकडे झाले. तुमचं शरीर त्यांना बांधलेलं नाही. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेने २०१५ मध्ये ८०० जणांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की एकाच पदार्थाने एकाची साखर बरीच चढते आणि दुसऱ्याची फारशी हलत नाही. म्हणून शेजारच्या काकांना चिकू सोसतो हा तुमच्यासाठी पुरावा नाही. घरात ग्लुकोमीटर असेल तर फळ खाण्याआधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा साखर बघा. दोन तासांनंतरचा आकडा १८० च्या आत असावा असं सहसा सांगतात. एखाद्या फळाने तो पन्नासहून जास्त वाढत असेल तर त्या फळाचा हिस्सा निम्मा करून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. असं पाच-सहा फळांचं करून वहीत लिहून ठेवलं की तुमचा स्वतःचा तक्ता तयार होतो. तो मोबाइलवर आलेल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा खरा.

मात्र चाचणीआधी हात साबणाने धुवा. संत्रं सोललेल्या किंवा आंबा कापलेल्या बोटाला रसाचा पातळ थर चिकटलेला असतो. त्याच बोटाला सुई टोचून थेंब काढला की रसातली साखर पट्टीवर जाते आणि मीटर भलताच मोठा आकडा दाखवतो. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून हा थर जाईलच असं नाही. हात धुवायचे, कोरडे करायचे, मग टोचायचं. अचानक तीनशे आकडा बघून इन्सुलिनचा जादा डोस घेण्याआधी तर हे कराच.

ज्यांनी वेगळं वागायचं

मधुमेहाबरोबर मूत्रपिंडं थकलेली असतील तर प्रश्न साखरेपुरता राहत नाही, पोटॅशियमचा होतो. केळं, संत्रं, मोसंबी, नारळपाणी यांत ते भरपूर असतं. टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही ते रक्तात वाढू शकतं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर या लेखातली फळांची यादी बाजूला ठेवा आणि रिपोर्ट दाखवून डॉक्टरांकडून वेगळी यादी घ्या. कमरख, म्हणजे बाजारात स्टारफ्रूट म्हणून मिळणारं पाच धारांचं आंबट फळ, अशा रुग्णांनी चाखूनही बघू नये. त्यातलं एक द्रव्य निकामी मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही, ते मेंदूवर परिणाम करतं आणि जीवावर बेतू शकतं.

वेगळं वागायची दुसरी वेळ म्हणजे साखर एकदम खाली जाते तेव्हाची. दरदरून घाम, हातांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी, आणि मीटरवर आकडा ७० च्या खाली. अशा वेळी घरातले घाईने केळं सोलून हातात देतात. पण ते चावून, पचून साखर चढायला वेळ लागतो. इथे चोथा नकोच असतो. १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन सपाट चहाचे चमचे पावडर पाण्यात घालून द्या. नाहीतर अर्धा पेला रस चालतो, एरवी बंद असलेला. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच द्या. आकडा वर आला की मग पोळी किंवा फळ खायला द्या. मात्र व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साखरेचं पाणी, पेढा, रस यांवर विसंबू नका. ही गोळी साधी साखर फोडण्याचं काम लांबवते, त्यामुळे अशा माणसाला थेट ग्लुकोजच लागतं. आपल्या गोळ्यांच्या पाकिटावर ही नावं आहेत का ते आजच पाहा. जोडगोळ्यांत ती बारीक अक्षरांत असतात. असतील तर ग्लुकोज पावडरची एक पुडी खिशात आणि एक उशाशी ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.